उतारावरची पारख

सीटवाली ताई चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. समोरचा माणूस ओरडायला लागला की ती इतकं हळू बोलायची की त्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागायचं, आणि एकदा वाकल्यावर पुन्हा ताठ होऊन भांडणं फार कमी जणांना जमायचं. त्यामुळे गल्लीत तिच्याशी कोणी उगाच वाकड्यात शिरत नसे.

तिचं दुकान म्हणजे घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली. भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या टेकवलेल्या, कोपऱ्यात फोमचे तुकडे छतापर्यंत रचलेले, आणि मधोमध ती काळी, वजनदार शिलाई मशीन, जिच्या सुईखालून जाड कातडंसुद्धा लोण्यासारखं जाई. मोटारसायकली, ट्रक, ट्रॅक्टर, बस, ज्याला म्हणून बसायची जागा आहे त्या सगळ्याच्या सीटा ती शिवायची. ही मशीन तिने सासरी असताना घेतली होती. लग्न मोडून ती परत आली तेव्हा धाकट्या भावाने काय झालं, कोणाचं चुकलं, आता पुढे काय, असलं काहीएक विचारलं नव्हतं. टेम्पोतून मशीन एकट्याने उतरवली होती, पुढच्या खोलीतला आपला पलंग बाहेर काढला होता आणि म्हणाला होता, "इथे उजेड चांगला येतो. इथेच बस." त्या दिवसापासून या जगात तिला जीव लावण्यासारखं जे काही उरलं होतं, ते या भावापाशी येऊन थांबलं होतं.

भाऊ डोंगरावरच्या घरांना गॅसच्या टाक्या आणि पाण्याचे कॅन पोचवायचा. तिथे रस्ता नव्हता, नुसती दगडधोंड्यांची वाट. खांद्यावरून वाहून वाहून त्याची मान एका बाजूला कलली होती. म्हणून त्याला एक बेडूक हवा होता. कागदोपत्री त्या गाडीला एटीव्ही म्हणत. चार गुबगुबीत टायर, मधे घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, पुढे मोटारसायकलीचं असतं तसं हँडल. दगडांवरून ती टुणटुण उडत जायची, म्हणून सगळे तिला बेडूकच म्हणायचे.

असे जुने बेडूक विकणारा गावाबाहेर एकच होता. लोक त्याला तोंडावर शेठ म्हणत आणि पाठीमागे चकचकशेठ. त्याच्या आवारात गंजलेलं, मळलेलं, पोचे आलेलं काही दिसतच नसे. कुठून कुठून टाकाऊ गाड्या आणायचा, इंजिन वाढवायचा, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करायचा, वर मोठा कार्बोरेटर बसवायचा, जाडजूड आवाजाचा सायलेन्सर लावायचा, आणि मग रंग. रंग वाळला की गाडी ताईकडे येई. नवीन सीट चढली की तिच्याकडे बघणाऱ्याला वाटायचं, ही कालच कारखान्यातून आली.

भावाला घेऊन ताई स्वतःच त्याच्याकडे गेली होती. ओळखीचा माणूस, वर्षानुवर्षं काम देणारा, फसवेल कशाला? दोघं पोचले तेव्हा एक लाल बेडूक दारातच उभा होता. शेठने एका किकमध्ये चालू करून दाखवला. इंजिन आधीच कोमट होतं, पण गार इंजिन आणि गरम इंजिन यांत काय फरक असतो हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. भाऊ गाडीभोवती फिरला, टायर दाबून बघितले. ताईने सीटवर हात फिरवला. शिवण तिचीच होती.

"घे," ती म्हणाली. "छान आहे."

पुढे कितीतरी महिने तिच्या कानात हे शब्द रुतून बसले होते.

गाडी घेतल्यावर काही आठवडे भाऊ हवेत होता. एके दुपारी तो टाक्या पोचवून रिकामा खाली उतरत होता. लांबलचक उतार, गाडी खालच्या गिअरमध्ये, हात ॲक्सिलरेटरवरून सोडलेला. अचानक इंजिन जाम झालं. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी आवळली गेली, गाडी आडवी फिरली आणि त्याला खाली घेऊन उलटली. त्या वाटेला माणूस नव्हता. संध्याकाळी वरच्या घरातली एक बाई पाण्याचा कॅन का आला नाही म्हणून बघायला उतरली, तेव्हा तो सापडला. कंबरेचं हाड मोडलं होतं, उजवा गुडघा चुरा झाला होता. जीव वाचला, पण तो पाय पुन्हा वाकला नाही.

शेठ दवाखान्यात आला नाही. चहाच्या टपरीवर मात्र बोलला, आणि चारचौघांत बोलला. "टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागतं. मी शंभरदा सांगितलं होतं. आता याने आळशीपणा केला, तेल घातलं नाही, नाहीतर डुलक्या काढत असेल गाडीवर. गाडी काय करणार? चालवणाऱ्याची चूक."

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. भावाला भेटायला येणारे लोक हळहळायचे आणि निघताना म्हणायचे, "तेल तेवढं बघायला हवं होतं बरं का." भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. तो दररोज तेल मापून घालायचा हे ताईने डोळ्यांनी बघितलं होतं. तिच्याच दुकानाच्या उंबऱ्यावर बसून घालायचा, आणि फरशीवर थेंब सांडला की शिव्या खायचा.

ताईने ती मोडकी गाडी हातगाडीवर घालून वस्तादाकडे नेली. वस्ताद म्हणजे जुना मेकॅनिक. एका कानाने ठार बहिरा, दुसऱ्याने निम्मा, म्हणून इंजिनावर तळहात ठेवून त्याची नाडी बघायचा. त्याने इंजिन उघडलं, पिस्टन बाहेर काढला आणि तिच्या हातात ठेवला. पिस्टनच्या अंगावर वरून खाली ओरखडे होते, मांजराने नख्या मारल्यासारखे.

"तेल नव्हतं का?" तिने त्याच्या बऱ्या कानाशी विचारलं.

"तेल होतं. हे बघ, खालच्या भागात अजून ओलं आहे." त्याने बोट बुडवून दाखवलं. मग इंजिनाच्या बाजूचं एक रबरी कडं काढलं. ते लाकडासारखं कडक झालं होतं आणि एका जागी तडकलं होतं. "हे सील. इथून इंजिन बाहेरची हवा ओढत होतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग इंजिन तापतं. त्यात सिलिंडर एवढा कोरलाय की भिंत पापडासारखी झालीय. आणि उतारावर हात सोडला की पेट्रोल येणं जवळजवळ थांबतं. तेल पेट्रोलातूनच येतं ना? म्हणजे तेही थांबतं. धडधाकट इंजिन तेवढं सोसतं. हे कसं सोसणार? तुझ्या भावाच्या जागी दुसरा कोणी असता तरी हेच झालं असतं."

ताई तो पिस्टन फडक्यात गुंडाळून थेट शेठच्या आवारात गेली. तिथे दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिने पिस्टन दाखवला, सीलचं सांगितलं. शेठने पिस्टन हातात घेऊन उलटसुलट केला आणि तिच्याकडे कौतुकाने बघावं तसं हसला. "ताई, हे ओरखडे म्हणजेच तेल नसल्याचा पुरावा. तो बहिरा म्हातारा काहीही सांगतो. तुझं दुःख मला कळतं गं. जा, घरी जा. आणि पुढच्या आठवड्यात चार सीटा पाठवतो, तेवढाच तुला आधार."

गिऱ्हाइकंही कीव आल्यासारखी तिच्याकडे बघत होती. तिने पिस्टन परत घेतला, मान डोलावली आणि इतकंच म्हणाली, "पाठवा."

त्या आठवड्यात चार सीटा आल्या आणि तिने त्या शिवल्या. भाऊ आतल्या खोलीतून ऐकत होता. "त्याचं काम करतेस?" त्याने विचारलं.

"करते."

"तुला लाज कशी वाटत नाही?"

तिने पुढची सीट मशीनवर घेतली. सीट बसवायला तिला आवारात जावं लागायचं, आणि सीट काढली की खालचं सगळं उघडं पडतं. रंगाखाली लपवलेले वेल्डिंगचे जोड, वाकवून सरळ केलेली फ्रेम, तारेने बांधलेला कार्बोरेटर. शेठच्या लेखी ती टेबलखुर्चीसारखी होती. तिच्यासमोर तो काहीही बोलायचा, काहीही करायचा. गिऱ्हाईक फाटकाशी दिसलं की पटकन गाडी चालू करून तापवायचा, म्हणजे गार इंजिन किती रडवतं ते कळायला नको. गिअरचा खडखडाट दबावा म्हणून जाड तेल ओतायचा. ताई तोंडात दोरा धरून टाके घालायची आणि सगळं डोळ्यांत साठवायची.

संध्याकाळी ती वस्तादाकडे जाऊन बसू लागली. आधी त्याला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. मग ती खरोखर शिकतेय हे त्याच्या ध्यानात आलं. तो पटपट शिकवणारा माणूस नव्हता. एकच गोष्ट दहा गाड्यांवर करायला लावायचा आणि चुकलं की पान्याने टेबल ठोकायचा. सायलेन्सर सोडवून बॅटरीचा उजेड आत टाकला की पिस्टनची एक बाजू दिसते, तिच्यावर उभे ओरखडे आहेत का बघायचं. प्लग काढून त्याचा रंग बघायचा: विटकरी-तपकिरी असला तर ठीक, खडूसारखा पांढरा असला तर इंजिन उपाशी जळतंय. ॲक्सिलरेटर एकदा पिळून सोडायचा. आवाज लगेच खाली आला पाहिजे. वरच लोंबकळत राहिला तर कुठूनतरी हवा शिरतेय.

"आणि गाडी कोणी वाढवली, काय काय बदललं, ते विचार," वस्ताद सांगायचा. "ज्याने काम नीट केलंय तो तुला कंटाळा येईपर्यंत सांगत बसतो. ज्याने नुसती थापाथापी केलीय तो म्हणतो, 'एकदम रॉकेट आहे.' रॉकेट म्हटलं की तिथून निघायचं."

दरम्यान शेठचा धंदा आतून पोखरला जाऊ लागला. गाडी घेण्याआधी लोक वस्तादाचा सल्ला घ्यायला येत, आणि वस्तादाला आवारातल्या एकेका गाडीची कुंडली ताईकडून आधीच कळलेली असे. निळी? तिची फ्रेम मोडलेली आहे. हिरवी? तिचं इंजिन दोनदा जाम होऊन गेलंय. गिऱ्हाइकं येत, चहा पीत आणि विचार करून सांगतो म्हणून गायब होत. शेठ ताईपाशीच कुरकुरायचा, "काय झालंय लोकांना? कोणाची नजर लागली कळत नाही." ताई दोरा तोडून म्हणायची, "लागते कधीकधी." घरी येताना तिचं पाऊल हलकं पडायचं. पण एवढ्याने तिचं पोट भरत नव्हतं. टपरीवर लोक अजूनही तेलाचंच बोलत होते.

मग बागवाल्या बाई आल्या. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला त्यांच्या फळबागा होत्या, तोडलेला माल खाली आणायला त्यांना एकदम सहा बेडूक हवे होते. शेठने त्यांना जवळजवळ पटवत आणलं होतं आणि या एका सौद्यावर त्याची सगळी बुडती नाव तरणार होती. बाई सावध होत्या. त्या वस्तादाकडे आल्या आणि म्हणाल्या, "माझ्याबरोबर चला, गाड्या बघून द्या."

वस्तादाने आपले सुजलेले गुडघे दाखवले आणि ताईकडे बोट केलं. "हिला न्या. हिचे कान चांगले आहेत."

त्या सकाळी ताई बागवाल्या बाईंच्या जीपमधून उतरली तेव्हा शेठला आधी वाटलं, सीटांचं माप घ्यायला आलीय. तिच्या हातात पान्यांची पिशवी बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, हे काय?"

"या माझ्यातर्फे गाड्या बघणार आहेत," बाई म्हणाल्या.

शेठ आधी हसला. मग त्याच्या लक्षात काय काय आलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. त्याचा चेहरा हळूहळू विटत गेला. पण बाईंसमोर तो काय बोलणार? त्याने सगळ्यात देखणी गाडी पुढे केली, पिवळीधमक. ताईने सिलिंडरला हात लावला आणि उचलला. "तापवलीय. गार होऊ दे. आम्हाला घाई नाही."

सगळे थांबले. बाईंची दोन माणसं, आवारातला रंगारी, रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं, असा छोटा घोळका जमला. इंजिन गार झाल्यावर ताईने किक मारली. गाडी बऱ्याच किकांनंतर खोकत खोकत उठली. तिने ॲक्सिलरेटर पिळून सोडला. आवाज वर गेला आणि वरच घोटाळला, उतरायचं नावच घेईना. तिने गाडी बंद केली, प्लग काढला. पांढरा फटक. सायलेन्सर सोडवला, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि वाकून बघितलं. पिस्टनवर ओरखडे होते. अजून खोल गेले नव्हते, पण तेच, वरून खाली.

वर्षभर जे मनात घोळवलं होतं ते आता नुसतं उघडून दाखवायचं होतं. बाईंना बोलवायचं, उजेड धरायचा आणि म्हणायचं, हे बघा. सौदा इथेच मोडला असता.

तेवढ्यात शेठ बाईंना खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यांच्या बोलण्यावर फार जाऊ नका. भावाचं असं झाल्यापासून बिचारीच्या मनात माझ्याबद्दल अढी बसलीय. आता तो गाडीवर झोपला, तेल घालायला विसरला, त्याला मी काय करणार? माणूसच ढिला. गाडी काय, त्याला सायकलसुद्धा झेपली नसती."

ताईने बॅटरी विझवली. सायलेन्सर परत जागेवर लावला, एकेक नट सावकाश आवळला, प्लग बसवला, हात फडक्याला पुसले. मग इतक्या हळू बोलली की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"उतारावर बघितल्याशिवाय मला काही सांगता यायचं नाही. मागे नदीकडे उतरणारी वाट आहे. कोणीतरी खालच्या गिअरमध्ये, हात सोडून, शेवटपर्यंत उतरवून दाखवावी."

"एवढंच ना?" शेठ म्हणाला. "द्या इकडे. मीच उतरवतो. रॉकेट आहे ही."

त्याला खरंच भीती नव्हती. हे ताईला त्या क्षणी लख्ख दिसलं आणि तिला आणखीच संताप आला. हा माणूस आपल्या थापांवर स्वतःच विश्वास ठेवून बसला होता. गाड्या त्याने आवाराच्या सपाट जमिनीवर चालवल्या होत्या, त्यापलीकडे काय होतं हे जाणून घ्यायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती. तो मांड टाकून बसला, बाईंकडे बघून हसला आणि आवाराला एक जोरदार चक्कर मारली, मग दुसरी. इंजिन आता चांगलंच तापलं असणार. मग गाडी वाटेला लागली.

ताई कठड्यापाशी उभी होती. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. तिने मारली नाही. इंजिनाचा आवाज आधी भरीव होता, मग त्यात एक बारीक, कोरडी शीळ मिसळली, जी तिच्याशिवाय तिथे कोणाच्या ध्यानात आली नाही. आता, ती मनात म्हणाली. आणि चाकं आवळली गेली.

गाडी खडीवर आडवी घसरली, कोलमडली आणि शेठ बाजूला फेकला गेला. सगळे ओरडत खाली धावले. ताई चालत गेली. तो जिवंत होता, कण्हत होता, एक हात अंगाखाली विचित्र मुडपला होता. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"तेल घातलं होतं का, शेठ?" तिने विचारलं.

त्याने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत दुखणं होतं, आणि त्याच्या मागे काहीतरी समजल्याची एक भयंकर चमक होती. त्याच्या ओठांतून शब्द आले ते रंगाऱ्यानेही ऐकले आणि बाईंनीही. "घातलं होतं. मी स्वतः घातलं होतं."

ताई उठली. बाईंना म्हणाली, "घेऊ नका."

बाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. त्या मूर्ख नव्हत्या. "तुम्हाला वरच कळलं होतं?"

"हो."

बाईंनी आपल्या माणसांना हाक मारली. शेठला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. ताईला मात्र त्यांनी परतीच्या वाटेवर बरोबर घेतलं नाही. ती चालत घरी आली, आणि चालताना तिला आपण गुणगुणतोय हे बऱ्याच वेळाने कळलं.

भावाला तिने सगळं सांगितलं. तो कुबडी मांडीवर घेऊन ऐकत होता.

"तू ओरडली असतीस तर थांबला असता?"

"थांबला असता."

त्याने कुबडी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "सगळे लगेच धावले त्याच्याकडे?"

"हो, सगळे."

"बरं झालं," भाऊ म्हणाला. या बोलण्याचा अर्थ ताईला लागला नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

शेठच्या मोडलेल्या बरगड्या जुळल्या, पण डावं मनगट कायमचं आखडलं. टपरीवर आता दुसरीच गोष्ट रंगली: तेल घालूनही शेठची गाडी जाम झाली, म्हणजे त्या बिचाऱ्या पोराची काय चूक? भावाला भेटायला पुन्हा लोक येऊ लागले, आणि त्यांच्या तोंडावर ओशाळेपणा बघून ताईला गोड जेवण जेवल्यासारखं वाटायचं. आवारात कोणी फिरकेना. तिथल्या गाड्यांवर धूळ बसली.

एके दिवशी शेठ स्वतः दुकानाच्या पायरीशी आला. गळ्यात अडकवलेला हात, दाढी वाढलेली. "ताई, माझ्याकडे आता थोड्याच गाड्या उरल्यात. त्यातल्या दोन चांगल्या आहेत. अगदी मूळच्या, न छेडलेल्या. तुलाही माहीत आहे, तू बघितल्या आहेस. तू नुसतं हो म्हणालीस तर लोक घेतील."

"माहीत आहे मला. काळी आणि पांढरी. दोन्ही चांगल्या आहेत."

"मग सांग ना लोकांना!"

"नाही सांगणार."

"म्हणजे खोटं बोलणार?"

"खोटं कशाला बोलू? गप्प बसेन. तेवढं मला चांगलं जमतं."

तो मान खाली घालून निघून गेला. आतून भावाने सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्याने ताट अर्ध्यातच सरकवलं.

आणि पुढच्याच आठवड्यात दुकानासमोर काळा बेडूक येऊन थांबला. वर भाऊ बसला होता. पायाचा ब्रेक काढून वस्तादाने तो हँडलवर आणला होता, वाकत नसलेला पाय ठेवायला बाजूला एक लोखंडी आधार जोडला होता. ताई धावत बाहेर आली.

"कोणाकडून घेतलीस? त्याच्याकडून?"

"त्याच्याकडूनच. चांगली गाडी आहे. तूच म्हणालीस."

"मी त्याला जमीनदोस्त केला आणि तू त्याची गाडी घेतोस? लोक काय म्हणतील कळतंय का तुला? ज्याचा पाय गेला तोच त्याच्याकडून घेतो, म्हणजे त्याच्याकडचा माल चांगला!"

"म्हणू देत."

"माझं वर्ष गेलं यात."

"ताई, माझंही गेलं. तू रोज सूड घेऊन घरी यायचीस आणि मी त्या पलंगावर पडून असायचो. मला वर जायचंय, टाक्या घेऊन. गाडी कोणाची होती याच्याशी मला देणंघेणं नाही."

ताईचा आवाज उतरला, पण वाकून ऐकायला भाऊ खाली उतरलाच नाही. ती पाठ फिरवून आत गेली. काळ्या गाडीची सीट फाटकी होती; ती शिवायला तिने साफ नकार दिला. काही दिवस भाऊ उघड्या फोमवर बसून फिरला. फोमचे तुकडे गल्लीभर उडायचे. शेवटी तिला ते बघवेना, तेव्हा तो झोपलेला असताना दुपारी तिने सीट उचलली आणि शिवून परत ठेवली. मात्र त्याआधी तिने सायलेन्सर सोडवून पिस्टन बघितला होता, प्लग बघितला होता, चारही चाकं हलवून बघितली होती. खोट सापडावी असं तिला मनापासून वाटत होतं. सापडली नाही.

भावाला गाडीवर बघून पांढरीही कोणीतरी नेली. तेवढ्याने शेठ सावरला वगैरे नाही. बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या, आवार दुसऱ्या कोणीतरी लाकूड ठेवायला घेतलं, आणि शेठने लांबच्या एका गोदामात पहारेकऱ्याची नोकरी धरली. जायच्या आधी तो पुन्हा एकदा पायरीशी आला. या वेळी दाढी केलेली होती. भाऊ वर डोंगरावर होता, दुकानात ताई एकटीच.

"ताई," तो म्हणाला, "जाण्याआधी तुला एक सांगायचं होतं. तुझ्या भावाबद्दल मी जे बोललो…"

ताईने मान वर केली नाही. बसच्या सीटचं जाड निळं रेक्झिन सुईखाली सरकवलं, पायडल दाबलं, आणि मशीनच्या धडधडाटात त्याचं पुढचं वाक्य बुडवून टाकलं. शिवण टोकापर्यंत गेल्यावर तिने पाय उचलला तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. तिने दोरा तोडला आणि सीट उलटी करून दुसरी बाजू शिवायला घेतली.